दरवाजे, पुरे आणि पाणी : पायी वाचायचे शहर

छत्रपती संभाजीनगरची ओळख ‘बावन्न दरवाजांचे शहर’ अशी करून दिली जाते. वेरूळ-अजिंठ्याला निघालेला पाहुणा इथे एक रात्र काढतो, बीबी का मकबरा आणि पाणचक्की उरकतो आणि पुढे जातो. मधले शहर त्याच्या वाट्याला येत नाही. अलीकडे सुटीच्या दिवशी भल्या सकाळी निघणाऱ्या वारसाफेऱ्या हेच मधले शहर दाखवतात. मुंबईचा फोर्ट किंवा पुण्याच्या पेठाही पायीच कळतात. इथे मात्र चालण्याला आणखी एक कारण आहे. शहराचा तट बहुतेक ठिकाणी नाहीसा झाला आहे आणि दरवाजे वाहतुकीच्या मधोमध सुटे उभे आहेत. त्यांना जोडणारी रेघ चालूनच काढावी लागते.

ही रेघ भडकल दरवाजापासून सुरू करावी. मलिक अंबर हा हबशी वजीर. त्याने 1610 मध्ये खडकी या गावी निजामशाहीची राजधानी वसवली आणि 1612 मध्ये मोगलांवरील विजयाची खूण म्हणून हा दरवाजा उभारला. औरंगजेबाने शहराभोवती तट बांधवला तो 1682 मध्ये. म्हणजे दरवाजा आधी आणि तट सत्तर वर्षांनी! भडकल शत्रूला अडवण्यासाठी नव्हता, आल्यागेल्याला विजय सांगण्यासाठी होता. आज त्याच्यासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. त्यांनी 1950 मध्ये सुरू केलेले, आज मिलिंद म्हणून ओळखले जाणारे महाविद्यालय नागसेनवनात आहे.

तटाचे दरवाजे वेगळ्या कामाचे. त्यांची नावे म्हणजे वाटांचे पत्ते : उत्तरेला दिल्ली, दक्षिणेला पैठण, पश्चिमेला मक्काई. खाम नदीच्या बाजूला बारापुल्ला, महमूद आणि मक्काई या तिन्ही दरवाजांना लागून पूल आहेत. नदी हाच तिथला खंदक होता, हे पुलावर उभे राहिले की सांगावे लागत नाही.

पुऱ्यांची नावेही अशीच बोलतात. मोगल फौजेबरोबर आलेल्या रजपूत सरदारांनी तटाबाहेर मुक्काम केले. त्यांतून जयसिंगपुरा, जसवंतपुरा, कर्णपुरा, पदमपुरा ही वस्ती झाली. बिकानेरच्या राजा कर्णसिंहाच्या नावाच्या कर्णपुऱ्यात आज नवरात्राची मोठी यात्रा भरते. छावणी गेली, देवी राहिली. शहराचे नावही असेच थरांनी बदलत आले : खडकी, फतेहनगर, 1653 नंतर औरंगाबाद आणि 2023 पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर. गल्लीबोळांनी मात्र जुने थर पुसलेले नाहीत.

दरवाजे आणि पुरे डोळ्यांना दिसतात. या शहराचा खरा नकाशा मात्र पायाखाली आहे. मलिक अंबरची नहर म्हणजे उत्तरेकडे हर्सूलच्या बाजूला झिरपणारे पाणी जमिनीखालून गावात आणणारा बांधीव कालवा. त्याला मोट नको, बैल नको. उतार हीच त्याची शक्ती. अंतराअंतरावर गाळ काढायला उतरता येईल अशी तोंडे, ठिकठिकाणी पाण्याचा दाब सांभाळणारे उंच दगडी खांब आणि पुढे खापरी नळांतून हौदांपर्यंत वाटणी. मूळ युक्ती इराणच्या कनातीची. बिदर आणि बऱ्हाणपुरातही तिची भावंडे आहेत. पाणचक्कीची नहर निराळी, पण तत्त्व तेच. तिथे पाणी आपल्याच दाबाने भिंतीत चढते, उंचावरून हौदात पडते आणि त्याच्या जोरावर जाते फिरते. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या वाटसरूंचे आणि फकिरांचे पीठ या जात्यावर निघे.

आजचे शहर पैठणच्या नाथसागरातून, सुमारे पन्नास किलोमीटरवरून, पंप लावून चढावर पाणी आणते आणि तरीही नळाला पाणी कैक दिवसांआड येते, हा इथल्या माणसाचा वर्षानुवर्षांचा अनुभव. लाखांच्या वस्तीची तहान चारशे वर्षांपूर्वीची नहर भागवणार नाही, हे उघड आहे. पण डोंगराचा उतार आणि मातीतले झिरपणे यांचा हिशेब करून शहर वसवता येते, एवढे ती आजही दाखवते. नव्या इमारतीचा पाया खणताना ती फुटली, की तो हिशेबही मोडतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही, कारण ती दिसत नाही.

म्हणून वारसाफेरी केवळ एका वास्तूपासून दुसऱ्या वास्तूपर्यंत जाऊ नये. तिने कधी नहरीचा माग धरून हर्सूलच्या दिशेने उत्तरेकडेही चालावे, जुन्या रहिवाशांना त्यांच्या गल्लीतले खांब आणि हौद विचारावेत, तुटलेली जागा टिपून ठेवावी. दरवाजांना निदान नावाच्या पाट्या आहेत. पाण्याच्या वाटेला पाटी नाही. तिला चालणारी माणसेच हवीत.