हार्टवाली बिल्डिंग आणि माझी फजिती!

टीममधल्या एका मैत्रिणीचे बाबा हॉस्पिटलमध्ये होते. ऑफिसच्या ग्रुपवर मी लिहिलं, ‘काळजी घे गं, सगळं छान होईल’ आणि पुढे हार्टवाल्या बिल्डिंगचा इमोजी टाकला. प्रेमळ हॉस्पिटल, असा आपला साधा हिशोब! पाचच मिनिटांत जपानी शिकणाऱ्या मैत्रिणीचा फोन. ‘‘अगं बये, ते लव्ह हॉटेल आहे. आधी डिलीट कर!’’

मला घामच फुटला. डिलीट केलं, पण जिनं बघायला नको तिनं ते बघितलं होतं. मग रविवारी मी या इमोजींची कुंडलीच मांडून बसले.

मुळात ‘इमोजी’ हा शब्दच जपानी. ‘ए’ म्हणजे चित्र, ‘मोजी’ म्हणजे अक्षर. ‘इमोशन’शी त्याचा काही संबंध नाही! १९९९ मध्ये शिगेताका कुरिता यांनी एनटीटी डोकोमो या मोबाइल कंपनीसाठी १७६ चित्रं केली. प्रत्येक चित्र १२ बाय १२ ठिपक्यांचं. २०१० मध्ये युनिकोडनं इमोजी स्वीकारले आणि जपान्यांचे सणवार, नाकेबिके हळूहळू सगळ्या जगाच्या फोनमध्ये येऊन बसले.

लव्ह हॉटेलची खोली तासांवरही मिळते. टोक्योतल्या शिबुयाचा दोगेनझाका हा चढ त्यासाठीच प्रसिद्ध. तो निर्विकार दगडी चेहराही तिथलाच बरं का! युनिकोडमध्ये त्याचं नाव ‘मोयाई’. निइजिमा बेटानं १९८० मध्ये शिबुया स्टेशनला भेट दिलेला हा पुतळा. बेटावरच्या बोलीत या शब्दाला एकमेकांना हात देण्याचा अर्थ आहे.

कागद लटकवलेला बांबू म्हणजे ‘तानाबाता’. ७ जुलैच्या या सणाला रंगीत पट्ट्यांवर इच्छा लिहून बांबूला बांधतात. आणि पिवळं-हिरवं पान? नवं लायसन्स मिळालं, की वर्षभर गाडीवर लावायची ती खूण, १९७२ पासूनची. अशा गाडीपुढे कट मारून घुसायला तिथे कायद्यानं मनाई आहे.

सोमवारी मैत्रिणीला मी बांबू पाठवला : ‘बाबा लवकर घरी येऊ देत.’ सोबत पिवळं-हिरवं पान : ‘मी अजून नवशिकी आहे, सांभाळून घे.’

तिचं उत्तर आलं, ‘बाबांना ती बिल्डिंग दाखवली. आठ दिवसांनी पहिल्यांदा हसले!’