गाढवास बक्षीस कशाबद्दल द्यावें?

बैलास व म्हशीस प्रदर्शनांत बक्षीस मिळतें. गाढवाची पारख मात्र बाजारांतच संपते. जेजुरीस पौष पौर्णिमेच्या बाजारांत दुवान, चौवान, अखंड असें दांतांवरून वय ठरवून सौदे होतात. वयावरून किंमत कळते. मालकानें ठेवलेली निगा कळत नाहीं. इंग्लंडांत १९६७ सालीं गाढवें पाळणाऱ्यांची एक संस्था निघाली. तिच्या प्रदर्शनांत बांध्याबरोबर खूर, प्रकृति व हांकणाऱ्याचें कसबही पाहतात.

आपणही तसें करावें. पाठीस ओझ्याची जखम नाहीं, खूर वेळेवर तासलेले आहेत, पावसाळ्यांत कोरडा आडोसा आहे, या तीन गोष्टींस गुण द्यावे. खारघर-पनवेलकडे तिसरी गोष्ट विशेष महत्त्वाची; कारण गाढव मूळचें कोरड्या मुलखांतलें, त्याची लव घोड्याइतकी पाणी अडवीत नाहीं, आणि सततच्या ओलीनें खूर कुजतात.

देशांत २०१२ सालीं सुमारें ३.२ लाख गाढवें होतीं. २०१९ च्या पशुगणनेंत सुमारें १.२ लाखच भरलीं. जीं उरलीं आहेत त्यांचे मालक बहुधा भूमिहीन कष्टकरी. त्यांस प्रदर्शनांत मानानें बोलावणें हें आम्हां जमीनधारकांचें काम आहे.