तोंड दौंडकडं

सप्टेंबर संपत आलाय. परतीचा पाऊस रात्रभर कोसळून पहाटे उघडलाय. कारेगावातल्या या तीन मजली इमारतीच्या गच्चीवर अजून पाणी तुंबलंय आणि त्यातून पाय उचलत डिशवाला पोरगा वर येतोय. पाठीला सॅक, सॅकमधून डोकावणारं काळ्या केबलचं भेंडोळं, हातात पाना. वर आल्यावर तो कुठल्याच छत्रीला हात लावत नाही. मधोमध उभा राहून विचारतो, ‘‘काका, दौंड कुठल्या अंगाला?’’

कठड्याला टेकलेले घरमालक आग्नेयेला हात करतात. तो मान हलवतो. मग एकेक छत्री बघत फिरतो.

छत्र्या पुष्कळ आहेत. रांजणगाव एमआयडीसीत कामाला आलेली माणसं इथं खोल्या घेऊन राहतात. कुणी बीड-परभणीकडचं, कुणी विदर्भातलं, कुणी थेट उत्तर प्रदेश-बिहारचं. खोलीचं भाडं मालकाचं, लाइटबिल वेगळं, पाण्याची वेळ ठरलेली. खोली बदलली की टेम्पोत कपाट, गॅसची टाकी, कूलर आणि डिश चढते. गच्चीवरची ही दीड-दोन फुटांची तबकडी एवढीच काय ती भाडेकरूची स्वतःची जागा. एलजीचा कारखाना कारेगावच्याच शिवारात आहे, तिथं टीव्ही तयार होतात. ते जोडणाऱ्या हातांपैकी काहींच्या घरातलं चित्र या गच्चीवरून खाली उतरतं.

तक्रार दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंची आहे. नवरा रात्रपाळी करून आत झोपलाय, म्हणून टीव्हीचा आवाज बंद ठेवून त्या रिमोट घेऊन बसल्यात. फोन स्पीकरवर आहे. पूर्वी ‘आलं का?’ म्हणून गच्चीवरून ओरडलं की अख्खी आळी उत्तर द्यायची. आता टीव्हीसमोर बसलेलं माणूस फोनवरून आकडे सांगतं.

‘‘ताई, मेनूत जा. तिथं सिग्नलचे दोन पट्टे दिसतील. काय म्हणतायत?’’

‘‘स्ट्रेंथ साठच्या वर आहे. क्वालिटी शून्य.’’

माझ्या मते घरातल्या प्रत्येकानं हे दोन पट्टे ओळखायला शिकावं. स्ट्रेंथ भरलेली दिसली की लोक म्हणतात सिग्नल आहे, बॉक्सच गेला. तो आकडा मुख्यतः एवढंच सांगतो, की छत्रीपुढच्या दांडीवरचा, लहरी पकडणारा एलएनबी जिवंत आहे आणि केबलमधून काहीतरी खाली येतंय. ते उपग्रहाचं आहे की नुसता गोंगाट, हे क्वालिटी सांगते. स्ट्रेंथही शून्य असती तर पोरगा आधी केबल आणि जोड बघणार होता. कारण एलएनबीला लागणारी वीज त्याच केबलमधून, बॉक्सकडून वर जाते, 13 किंवा 18 व्होल्टनं. लहरी उभ्या घ्यायच्या की आडव्या, हे एलएनबीला त्या व्होल्टवरूनच कळतं. काही छत्र्यांवर अर्धी चॅनेल नीट दिसतात आणि अर्धी गायब होतात, त्याचं एक नेहमीचं कारण हे. भिजलेल्या किंवा फार लांब केबलमध्ये वीज गळते, 18 चे 18 वर पोचत नाहीत, आणि एका प्रकारच्या लहरींवरची सगळी चॅनेल बंद पडतात. लोक मात्र पॅक संपला असेल म्हणून रिचार्ज मारत राहतात.

ताईंकडं रिचार्जचा प्रश्नच नाही. दूरदर्शनची फ्री डिश आहे. डिसेंबर 2004 मध्ये ही सेवा डीडी डायरेक्ट प्लस नावानं सुरू झाली, तेव्हापासून महिन्याचा पैसा नाही. एकदा बॉक्स, छत्री, केबल घ्यायची, बस्स. कंत्राटी कामगाराला पुढच्या महिन्यात काम असेल की नाही याची खात्री नसते. काम सुटलं तरी बंद पडत नाही अशी घरातली ही एक गोष्ट. बातम्या, सह्याद्री, रात्री एखादा सिनेमा. हिला फुकटची म्हणून कमी लेखणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही.

पोरगा ताईंच्या छत्रीजवळ बसतो. मालकांनी स्लॅबला भोकं पाडायला मनाई केलीय. पाणी झिरपतं, त्यांचंही खरं आहे. म्हणून छत्रीचा पाइप सिमेंट भरलेल्या रंगाच्या डब्यात रोवलाय. डब्याशेजारी ओल्या शेवाळात अर्धचंद्राचा उघडा ठसा दिसतो. डबा होता तिथून सरकलाय. पोरगा त्या ठशावर बोट ठेवतो. ‘‘वाऱ्यानं फिरलीय. पण नुसती फिरली नाही, थांबा.’’

तो एलएनबीचा जोड उघडतो. मी वाकून बघतो. कनेक्टर सुटतो तसा आतून पाण्याचा थेंब गळून त्याच्या नखावर पडतो. मधली तांब्याची तार टोकाला हिरवी पडलीय. तिच्याभोवतीची बारीक तारांची जाळी चंदेरी असायला हवी, ती काळी आणि चुरचुरीत झालीय, चिमटीत धरली की भुगा होते. तो केबल वीतभर कापतो, आत बघतो. अजून काळं. पुन्हा तेवढीच कापतो. आता जाळी चमकते. मग ब्लेड गोल फिरवून वरचं साल काढतो, जाळी उलटी दुमडतो, पांढरं आवरण सोलून तांबं बोटाच्या पेराच्या निम्म्यानं उघडं ठेवतो. नवा कनेक्टर फिरवून बसवायच्या आधी तो टोक डोळ्यांजवळ धरून सगळ्या बाजूंनी फिरवतो. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला चिकटला तरी शॉर्ट होतं आणि एलएनबीची वीज बंद. त्याला तसा एक केस सापडतो. नखानं तो खुडून काढतो.

जोड आवळल्यावर तो केबल सरळ खाली सोडत नाही. एलएनबीखाली तिला एक सैल वळसा देतो, वळशाचा तळ जोडापेक्षा खाली. पाऊस केबलवरून ओघळत येतो तो त्या तळाशी गळून पडतो, जोडात शिरत नाही. वरून रबरी टेप ताणून गुंडाळतो. गच्चीवरच्या बाकीच्या छत्र्यांवर मी नजर फिरवतो. असा वळसा फार थोड्यांना आहे. बऱ्याच ठिकाणी पाण्याला थेट आत जायची सोय करून ठेवलीय.

आता दिशा. त्याच्या धंद्यात अंशांपेक्षा गावं चालतात. ‘‘फ्री डिशचं तोंड दौंडकडं, टाटा प्लेचं बारामतीकडं, एअरटेलचं श्रीगोंद्याच्या अंगाला,’’ तो सांगतो. मी मोबाइलवर नकाशा आणि होकायंत्र उघडून ताडून बघतो. जवळपास बरोबर. फ्री डिशचा जीसॅट-15 हा उपग्रह नोव्हेंबर 2015 मध्ये फ्रेंच गयानातल्या कौरूहून सुटला आणि विषुववृत्तावर 93.5 अंश पूर्वेला, सुमात्राच्या पश्चिमेच्या समुद्रावर, जवळपास 36,000 किलोमीटर उंचीवर थांबलाय. टाटा प्लेचा 83 अंशांवर, एअरटेलचा 108 अंशांच्या किंचित पुढं. कारेगावच्या गच्चीवरून पाहिलं तर या तीन रेषा याच तीन गावांच्या आसपासून जातात. दुसऱ्या तालुक्यात गावं बदलतील, तिथल्या पोरांची तिथली गावं.

‘‘आमच्या वेळेला सिंहगडाकडं असायचं तोंड,’’ मालक म्हणतात. ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना, लांब पाइपावर, नैर्ऋत्येला सिंहगडावरच्या प्रक्षेपण केंद्राकडं रोखलेला. त्यावर कावळा बसला की पडद्यावर मुंग्या. पोरानं तो अँटेना कधी बघितलेला नाही, पण तो मन लावून ऐकतो. पाइप केवढा उंच, ताण कसले द्यायचे, तारा चपट्या होत्या ना, असं विचारत राहतो.

तो बोल्ट सैल करतो आणि छत्री केसाएवढी फिरवत जातो. इथं घाई चालत नाही. एक अंश चुकला की उपग्रहाच्या उंचीवर सहाशे किलोमीटरांहून जास्त फरक पडतो. खाली ताईंनी 11090 हा फ्रिक्वेन्सीचा आकडा लावून ठेवलाय, व्हर्टिकल, 29500. फोनमधून आवाज येत राहतो. ‘‘शून्य. शून्य. बारा. गेलं. अठरा. पंचवीस.’’

पंचवीसच्या पुढं जात नाही.

पोरगा उठतो आणि छत्रीच्या पुढं जाऊन उभा राहतो. शेजारच्या प्लॉटवर नवी इमारत चढतेय. मागच्या उन्हाळ्यात तिथं नुसता पाया होता. आता कॉलमच्या सळ्या आपल्या गच्चीच्याही वर गेल्यात, आणि त्यांच्या मधोमध विटांची भिंत आलीय. बरोबर दौंडच्या दिशेला. छत्री बघणाऱ्याला वाटतं की ती समोर, थोडीशीच वर बघतेय. पण तिची बनावट तिरकी असते. इथून तिची खरी नजर क्षितिजापासून 59 अंशांच्या आसपास वर असते. त्यामुळं भिंत लांब असती तर काहीच अडलं नसतं. ही चार हातांवर आहे, आणि छत्री नेमकी त्याच कठड्याला खेटून ठेवलीय. लहरींच्या वाटेचा खालचा काठ विटांना घासतोय.

‘‘म्हणजे आमचा टीव्ही आता बंदच?’’ फोनमधून ताईंचा आवाज.

‘‘नाही ताई. मागं घेतो.’’

आम्ही दोघं डबा उचलून वायव्येच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीशेजारी नेतो. जितकं मागं जाल तितकी तीच भिंत आकाशात खाली बसते. केबल आखूड पडते, पोरगा मधे जोड देत नाही, भेंडोळ्यातून सलग नवी ओढतो. पैसे थोडे जास्त, पण मधला जोड म्हणजे पुढच्या पावसाळ्याची तक्रार, असं तो ताईंना समजावतो. त्या दोन क्षण गप्प राहून हो म्हणतात. पुन्हा दौंड, पुन्हा केसाएवढं फिरवणं. तीस. अठ्ठेचाळीस. बासष्ट. सत्तर. तो दोन्ही बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळतो, कारण एकच आवळला की छत्री खेचली जाते. सत्तर टिकतात.

‘‘आली सगळी,’’ ताई म्हणतात, आणि मागून लगेच त्यांच्या पोरीचा आवाज येतो, कार्टून लाव म्हणून.

जाण्याआधी पोरगा फोनवरच दोन गोष्टी सांगून ठेवतो. जोराचा पाऊस असताना चित्र फुटलं तर बॉक्सची बटणं दाबत बसू नका. या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटरच्या, दाट पावसात त्या शोषल्या जातात आणि विखुरतात, पाऊस ओसरला की आपोआप परत येतात. तासाभरात नाहीच आलं तर फोन करा. आणि पुढच्या आठवड्यात सकाळी अकराच्या आसपास, स्वच्छ ऊन असताना चित्र दहा-एक मिनिटं जाईल. तेव्हा सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागं येतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातही तसंच. तेव्हा तर अजिबात फोन करू नका.

माझं लक्ष त्या भिंतीवरच आहे. एमआयडीसी आल्यापासून कारेगाव वर वर चढतंय, आणि पुढंही चढेल. राहायला खोल्या हव्यातच. पण इमारत बांधताना टाकी कुठं, जिना कुठं, पार्किंग कुठं याचा विचार होतो, आग्नेयेच्या आकाशाचा होत नाही. ज्याला गच्चीवर खिळा ठोकायचीही मुभा नाही, त्याची छत्री वाऱ्यावर सरकत राहते आणि शेजारच्या विटांमागं आंधळी होते. जिन्याच्या टोपीवर, इमारतीच्या सर्वांत उंच ठिकाणी, एक मजबूत आडवा पाइप स्लॅब टाकतानाच बसवला तर सगळ्या खोल्यांचं काम होईल. भोकं नाहीत, गळती नाही, डबे नाहीत. खर्च म्हणाल तर एका खोलीच्या महिन्याच्या भाड्याहून फार नसावा.

मी हे मालकांना बोलून दाखवतो. ते आधी पोराकडं बघतात. ‘‘टिकंल का रे?’’

‘‘टिकंल की. दोन इंची जीआय पाइप घ्या, पायाला प्लेट मारून. बारा-पंधरा छत्र्या सहज बसतील.’’

‘‘दिवाळीनंतर टोपीचं प्लास्टर काढायचंच आहे. तवा करून टाकू.’’

पोरगा लगेच विटेचा तुकडा उचलतो, लोखंडी शिडीनं टोपीवर चढतो आणि पाइपाचे पाय कुठं यावेत त्या दोन जागांवर फुल्या मारतो. तिथून तो शेजारच्या सळ्यांकडं बघतो, हातानं उंचीचा अंदाज घेतो आणि खाली वाकून सांगतो, ‘‘काका, अजून दोन फूट उंच धरा. ते लोक चौथा मजला चढवणार दिसतायत.’’