प्रश्न विचारणे हेही तपच

दिवाळीच्या वहीपूजनात अनेक श्वेतांबर व्यापारी कुटुंबे नव्या वहीच्या पहिल्या पानावर गौतमस्वामींचे नाव लिहितात आणि त्यांच्यासारखी लब्धी लाभो, अशी प्रार्थना करतात. हे इंद्रभूती गौतम भगवान महावीरांकडे प्रथम आले, ते भक्त म्हणून नव्हे. वेदविद्येत पारंगत असलेले ते पंडित वादात जय मिळवण्याच्या हेतूने आले होते आणि जीव नावाचे तत्त्व खरोखर आहे का, हा संशय त्यांच्या अंतरी होता. गणधरवादाच्या कथेनुसार भगवंतांनी तो संशय स्वतःच बोलून दाखवला आणि युक्तिवादाने त्याचे निरसन केले. अग्निभूतींना कर्माविषयी शंका होती. देह आणि जीव एकच की भिन्न, हा वायुभूतींचा प्रश्न होता. अकराही गणधर आपापला संशय घेऊन आले आणि त्यांच्याच आधारावर संघ उभा राहिला.

दीक्षेनंतरही गौतमांचे प्रश्न थांबले नाहीत. व्याख्याप्रज्ञप्ती अर्थात भगवतीसूत्रात परंपरेनुसार ३६,००० प्रश्नोत्तरे होती आणि त्यांतील प्रमुख प्रश्नकर्ते गौतमच. त्यांच्या केवलज्ञानाला विलंब झाला तो भगवंतांवरील स्नेहरागामुळे, असे परंपरा सांगते. प्रश्नांना तिने त्याचा दोष दिलेला नाही.

आज घराघरांत मात्र निराळे चित्र दिसते. ‘आत्मा दिसत नाही, मग सामायिक कशासाठी?’ असे महाविद्यालयात जाणाऱ्या नातवाने विचारले, की ‘असे बोलू नये, पाप लागते,’ असे म्हणून त्याला गप्प केले जाते. तो गप्प होतो. पण प्रश्न तसाच राहतो. मग स्थानकाची, मंदिराची वाट हळूहळू सुटते आणि घरातील वडीलधारी मंडळी काळाला दोष देत बसतात.

शास्त्राने शंकेला सम्यक्त्वाचा अतिचार मानले आहे, हे खरे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात तसा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु त्याच ग्रंथाच्या नवव्या अध्यायात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगताना पृच्छनेला, म्हणजे विचारण्याला, स्थान दिले आहे. आणि स्वाध्याय हे तर अभ्यंतर तप. एकाच ग्रंथात एक दोष आणि दुसरे तप कसे? पेढीवर बसणाऱ्याला हा भेद उमगणे कठीण नाही. माल पारखून, भाव विचारून घेणारा गिऱ्हाईक वेगळा आणि काही घ्यायचेच नाही म्हणून खोड काढत राहणारा वेगळा. जी शंका साधना थांबवते ती अतिचार. जी जिज्ञासा साधनेला पुढे नेते ती पृच्छना.

आचार्यांनी पारखण्याची रीतही सांगितली आहे. सोने जसे कसोटीवर घासून, कापून आणि तापवून पाहतात, तशीच धर्माची कष, छेद आणि ताप अशी त्रिविध परीक्षा आचार्य हरिभद्रसूरींनी मांडली. विधिनिषेध योग्य आहेत का, बाह्य आचार त्यांना पोषक आहेत का आणि तत्त्वविचार बंध-मोक्षाशी सुसंगत आहे का, हे तीन प्रश्न त्यामागे आहेत. दिगंबर परंपरेतील आचार्य समंतभद्रांनी आप्तमीमांसेच्या आरंभीच म्हटले, की देवांचे आगमन, आकाशगमन यांसारखे वैभव मायावी लोकांतही दिसते. तेवढ्यावरून कोणी पूज्य ठरत नाही. रत्नकरंड श्रावकाचारात त्यांनी लोकमूढता, देवमूढता आणि गुरुमूढता त्याज्य ठरवल्या. प्रत्येक बिल तपासून घेणारा व्यापारी धंदा वाढवण्याचे आश्वासन देणारा ताईत मात्र डोळे मिटून विकत घेत असेल, तर त्याला श्रद्धा म्हणता येत नाही.

विसाव्या शतकात पंडित सुखलालजी संघवी यांनी ही परीक्षावृत्ती आयुष्यभर जोपासली. १८८० साली सौराष्ट्रातील व्यापारी कुटुंबात जन्मलेल्या सुखलालजींची दृष्टी सोळाव्या वर्षी देवीच्या आजाराने गेली. तरीही त्यांनी काशीत संस्कृत व दर्शनशास्त्रांचे अध्ययन केले, तत्त्वार्थसूत्रावर विवेचन लिहिले आणि पंडित बेचरदास दोशी यांच्यासह सन्मतितर्काचे संपादन केले. धर्माला त्यांनी इतिहास व तर्क यांच्या उजेडात तपासले. पण तपासता तपासता त्यांनी धर्म सोडला नाही.

तर्कालाही मर्यादा आहे, हे प्रामाणिकपणे मानले पाहिजे. सामायिकाच्या ४८ मिनिटांत मन शांत झाले, तर त्यावरून आत्म्याचे नित्यत्व सिद्ध होत नाही. मात्र राग कमी झाला का, गिऱ्हाइकाशी बोलताना सत्य सांभाळले गेले का, लोभ आवरला का, याचा हिशेब प्रत्येकाला मांडता येतो. ही पडताळणी केवळ वाचून किंवा वाद घालून होत नाही. त्यासाठी आसनावर बसावे लागते. सर्व प्रश्न सुटल्यावर साधना करू, असे म्हणणारा पोहायला शिकल्यावरच पाण्यात उतरू पाहणाऱ्यासारखा आहे.

म्हणून चातुर्मासात व्याख्यान ऐकून घरी परतल्यावर थोडा वेळ मुलांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवावा. उत्तर ठाऊक असेल तर द्यावे. नसेल तर ‘ठाऊक नाही, महाराजसाहेबांना विचारू,’ असे मोकळेपणाने म्हणावे. त्याने वडिलांचा मान उणा होत नाही. ज्या घरात प्रश्नाला जागा असते, त्या घरातील मुले सामायिकाला बसतात ती धाकाने नव्हे, स्वतःच्या निश्चयाने.