दारू एक, प्रकृति दोन

इसवी सन २०२४ मध्यें पॅरिस येथील ऑलिंपिक सामन्यांत कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्नील कुसाळे यांनीं रायफलीच्या नेमबाजींत कांस्यपदक मिळविलें. त्यापूर्वीं २०१८ मध्यें कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनीं आशियाई सामन्यांत पिस्तुलाच्या नेमबाजींत सुवर्णपदक मिळविलें होतें. अशा वार्ता घरांत वाचल्या जातात तेव्हां मुलें सहज विचारतात कीं, रायफल आणि पिस्तुल या दोहोंत घालावयाची दारू एकच असते काय? प्रश्न लहान आहे, पण त्याचें उत्तर न कळल्यामुळें माणसांचे डोळे व हात गेले आहेत. म्हणून शस्त्राच्या नव्हे, तर शास्त्राच्या दृष्टीनें आम्ही त्याचा विचार येथें करीत आहों.

बंदुकीची दारू ‘फुटते’ असें आपण म्हणतों. वस्तुतः ती फुटत नाहीं, जळते. मात्र अत्यंत वेगानें जळते. चुलींतील लांकडास जळण्यासाठीं बाहेरची हवा लागते. दारूस लागत नाहीं, कारण प्राणवायु तिच्या पोटांतच सांठविलेला असतो. जुन्या काळ्या दारूंत हें काम सोरा करी, आणि कोळसा व गंधक हें त्याचें इंधन. शुक्रनीतींत ‘अग्निचूर्ण’ म्हणून याच त्रयीचें वर्णन आहे. पण ग्रंथाचा तो भाग अर्वाचीन काळांतील असावा, असें अनेक विद्वानांचें मत असल्यामुळें त्यावरून प्राचीनत्वाचा अभिमान बाळगणें सयुक्तिक होणार नाहीं.

आतां मुख्य सूत्र असें कीं, दारूचा कण बाहेरून आंत जळत जातो. जितका पृष्ठभाग अधिक, तितका वायु लौकर निर्माण होतो. वाळक्या काटक्यांची मोळी आणि तितक्याच वजनाचा ओंडका एकाच वेळीं पेटविले, तर काटक्या भडकून विझतात आणि ओंडका रात्रभर धुमसत राहतो. काळ्या दारूच्या काळींहि हें ज्ञान होतें. म्हणून पिस्तुलास बारीक दाणा, लांब बंदुकीस मध्यम आणि तोफेस जाडा दाणा वापरीत. सन १८६० च्या सुमारास अमेरिकन सैन्यांतील टॉमस रॉडमन यांनीं तोफेसाठीं आरपार छिद्रें असलेले मोठे दाणे करविले. असा दाणा बाहेरून झिजतो, तशीं आंतील छिद्रें रुंदावतात. त्यामुळें जळणारा पृष्ठभाग घटत नाहीं व गोळ्यामागील रेटा टिकून राहतो.

त्याआधींच १८४६ मध्यें शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञानें कापसावर आम्लांचा संस्कार करून स्फोटक कापूस सिद्ध केला. पण तो इतका उतावळा निघाला कीं, दुसऱ्याच वर्षीं इंग्लंडांत फेव्हर्शॅम येथील कारखाना स्फोटानें उद्ध्वस्त होऊन अनेक कामगार मृत्यु पावले. त्या कापसास द्रावकांत भिजवून, शिंगासारखा घट्ट करून, त्याचे पातळ काप पाडण्याची युक्ति १८८४ मध्यें फ्रान्समध्यें पॉल व्हिएल यांस साधली. येथून निर्धूम दारूचें युग सुरू झालें. १८८९ मध्यें इंग्लंडांत एबल व ड्यूअर यांनीं कॉर्डाइट केलें. तें दोरीसारखें ओढून काढीत, म्हणून हें नांव. रायफलीच्या कॉर्डाइटची दोरी एका इंचाच्या सुमारें सदतिसाव्या हजारांश जाडीची असे, तर आरमाराच्या मोठ्या तोफेची जवळजवळ अर्धा इंच. द्रव्य तेंच, केवळ जाडीनें त्याचा वेग बदलला.

रायफलीस मंद आणि पिस्तुलास जलद दारू कां, हें आतां सहज ध्यानांत येईल. पिस्तुलाची नळी चारसहा इंचांची. गोळी तिच्यांतून क्षणार्धाच्याहि अंशांत बाहेर पडते. तेथें मंद दारू घातली, तर ती पुरती जळण्यापूर्वींच नळींतून निसटते. उजेड मोठा, आवाज मोठा आणि गोळीस वेग मात्र थोडा. म्हणून तेथें थोडी पण चटकन् जळणारी दारू हवी. उलट, ली-एन्फील्ड रायफलीची नळी पंचवीस इंचांहून किंचित् अधिक. तिच्या काडतुसांत दारू पुष्कळ मावते. ती एकदम न जळतां, गोळी पुढें सरकत असतांना मागून रेटा देत राहिली पाहिजे. अडलेल्या गाडीस एकच दणका देण्यापेक्षां खांदा लावून ढकलीत नेणें श्रेयस्कर, तसेंच हें.

रायफलीच्या भरगच्च काडतुसांत चुकून पिस्तुलाची जलद दारू भरली तर? गोळी जागची हलण्यापूर्वींच सर्व वायु कोंडला जातो आणि नेम धरणाऱ्याच्या गालाजवळ असलेलें पोलाद फाटतें. दाबाचे आंकडे पाहावे. ‘अडतीस स्पेशल’ या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसास अमेरिकन मानकाप्रमाणें दर चौरस इंचास १७,००० पौंडांची मर्यादा आहे. ‘तीस-शून्य-सहा’ या रायफलीच्या काडतुसास ६०,००० पौंडांची. ही मर्यादा ओलांडली, तर पोलाद कोणाचीहि भीड धरीत नाहीं.

तथापि, शस्त्राच्या नांवावरून दारू ठरवावी, हा नियमहि पुरता खरा नाहीं. खरा विचार तीन गोष्टींचा : काडतुसाची पोकळी किती, गोळी किती जड आणि नळी किती लांब. म्हणूनच मॅग्नम जातीच्या दांडग्या रिव्हॉल्व्हरांस मंदगति दारू लागते आणि ‘तीस कार्बाइन’ या लहान रायफलीस त्यांच्याच दारूसारखी दारू चालते. वैद्य जसा रोगाचें नांव ऐकून औषध देत नाहीं, प्रकृति पाहून देतो, तसाच हा प्रकार होय.

अमेरिकेंत पुष्कळ लोक झाडलेलीं पितळी काडतुसें घरीं पुन्हां भरतात. पितळ पुन्हां उपयोगी पडतें. टोपी, दारू व गोळी तेवढी नवी. ऑलिंपिकमधील ‘पॉइंट बावीस’ काडतूस मात्र असें भरतां येत नाहीं, कारण त्याचा पेटविण्याचा मसाला बुडाच्या कडेंतच असतो. या छंदांतील अपघातांचीं कारणें पाहिलीं, तर तीं अज्ञानापेक्षां अनवधानाचीं अधिक दिसतात. जलद दारू इतकी थोडी लागते कीं, अडतीस स्पेशलच्या प्रशस्त काडतुसांत दुप्पट भरली तरी ती सहज मावते आणि डोळ्यांस संशय येत नाहीं. दुसरें असें कीं, दोन निरनिराळ्या दारू रंगानें व दाण्यानें अगदीं सारख्या दिसूं शकतात. म्हणून जाणते लोक एका वेळीं मेजावर एकच डबा ठेवतात, दारू मूळ डब्यांतून दुसऱ्या डब्यांत ओतीत नाहींत, चिठ्ठी गेलेली दारू निरुपयोगी समजतात आणि प्रमाण सदैव उत्पादकाच्या छापील पुस्तकांतून घेतात. दारूंची वेगानुक्रमानें लावलेली यादी मिळते, ती केवळ क्रम सांगते, प्रमाण सांगत नाहीं. यादींत शेजारीं असलेल्या दोन दारू एकीऐवजीं दुसरी म्हणून वापरणें हें साहस नव्हे, अविचार होय.

दारू जुनी होते, हेंहि विसरूं नये. टूलाँ बंदरांत १९०७ मध्यें ‘इएना’ आणि १९११ मध्यें ‘लिबर्ते’ या फ्रेंच युद्धनौका आपल्याच कोठारांतील बिघडलेल्या निर्धूम दारूनें फुटल्या आणि शेंकडों खलाशी प्राणांस मुकले. तेव्हांपासून दारूचा कुजका स्वभाव आंवरून धरणारीं स्थैर्यद्रव्यें तींत घालण्याकडे अधिक लक्ष पुरविलें गेलें. तरीहि उष्ण व दमट जागीं राहिलेली दारू बिघडते. तिला आंबूस, तिखट वास येऊं लागला कीं तिचा काळ भरला असें समजावें.

आपल्याकडे या विद्येचीं घरें आहेतच. पुण्याजवळील खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा, तर नीलगिरींतील अरुवंकाडूचा कॉर्डाइटचा कारखाना १९०४ सालचा. परंतु परवान्यावांचून दारूगोळा तयार करणें हा १९५९ च्या शस्त्र-कायद्यान्वयें गुन्हा आहे. तेव्हां येथें कोणी घरीं असला उद्योग आरंभूं नये, हें वेगळें सांगावयास नको.

मग हें सारें आमच्या वाचकांनीं कशासाठीं जाणावें? आज आपल्यांतील पुष्कळ कुटुंबांचीं मुलेंनातवंडें अमेरिकेंत राहतात. सुटीच्या दिवशीं एखादा सज्जन शेजारी त्यांस मैदानावर नेतो आणि प्रेमानें आपण स्वतः भरलेलीं काडतुसें पुढें करतो. शेजाऱ्याच्या सौजन्याविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. पण दुसऱ्यानें घरीं भरलेलें काडतूस आपण झाडूं नये, हा त्या देशांतील अनुभवी नेमबाजांचाच नियम आहे. काडतूस एकदां बंद झालें कीं आंत मंद दारू आहे कीं जलद, एकपट आहे कीं दुप्पट, हें बाहेरून ओळखतां येत नाहीं. सुज्ञ आजोबांनीं पुढच्या पत्रांत एवढी एक ओळ अवश्य लिहावी.