सिंगापुरात घर घेताना

सिंगापुरात घर घ्यायचे तर आधी पाहिला जातो तो घेणाऱ्याचा दर्जा. परदेशी, कायम रहिवासी (पीआर) आणि नागरिक या तिघांसाठी एकाच फ्लॅटचा हिशेब वेगवेगळा होतो, आणि फरक लाखो डॉलरचा असतो.

तिथले सुमारे ८० टक्के रहिवासी एचडीबीच्या, म्हणजे १९६० साली स्थापन झालेल्या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत राहतात. ९९ वर्षांच्या पट्ट्यावरची ही घरे परदेशी माणसाला विकत मिळत नाहीत. जमिनीसह बंगला घ्यायला सरकारची खास परवानगी लागते. सेंटोसा कोव्ह वसाहत सोडली, तर ती बहुधा मोजक्या कायम रहिवाशांनाच मिळते. नोकरीच्या परवान्यावर आलेल्या कुटुंबाला मोकळा राहतो तो खासगी काँडोमिनियममधला फ्लॅट.

तो घेताना नेहमीच्या मुद्रांक शुल्कावर एक जादा शुल्क भरावे लागते. डिसेंबर २०११ मध्ये ते सुरू झाले, तेव्हा परदेशी खरेदीदाराला १० टक्के पडत होते. २०१३ मध्ये ते १५, २०१८ मध्ये २०, २०२१ मध्ये ३० आणि २७ एप्रिल २०२३ पासून थेट ६० टक्के झाले. वीस लाख सिंगापूर डॉलरच्या फ्लॅटवर नेहमीचे शुल्क ६९,६०० डॉलर होते, तर जादा शुल्क बारा लाख. बँक पहिल्या घराला किमतीच्या फार तर ७५ टक्के कर्ज देते आणि शुल्क त्यात धरत नाही. म्हणजे किमतीतला स्वतःचा हिस्सा पाच लाख आणि शुल्क मिळून साडेसतरा लाखांहून अधिक रक्कम पदरची हवी. त्यातले शुल्क करारापासून १४ दिवसांत भरायचे असते.

जागा टीचभर, बाहेरून येणारा गुंतवणुकीचा पैसा अफाट, आणि स्थानिकांना घर परवडले पाहिजे, ही सरकारची भूमिका समजण्यासारखी आहे. तरीही मुलांच्या शाळेजवळ राहायला घर हवे असलेला पगारदार आणि फ्लॅट विकत घेऊन कुलूप लावणारा गुंतवणूकदार यांना एकच दर लागतो, ही या नियमातली खरी उणीव आहे. व्यापार करारांमुळे अमेरिका, स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइनच्या नागरिकांना या शुल्कापुरते सिंगापुरी नागरिकांप्रमाणे वागवले जाते. भारताचाही २००५ साली सिंगापूरशी सर्वंकष आर्थिक करार झाला, पण ही सवलत भारतीयांना मिळालेली नाही. त्यामुळे तिथली मराठी कुटुंबेही बहुधा पीआर मिळेपर्यंत भाड्याच्या घरात राहणेच पसंत करतात.

पीआर मिळाला की पहिल्या घरावरचे जादा शुल्क ५ टक्क्यांवर येते; वरच्या उदाहरणात बारा लाखांऐवजी एक लाख. इथे एक गोष्ट जपावी लागते. नवऱ्याला पीआर असेल, बायको अजून परदेशी असेल आणि घर दोघांच्या नावावर घेतले, तर पूर्ण किमतीवर ६० टक्केच लागतात. पतिपत्नींपैकी एक जण सिंगापूरचा नागरिक असेल, तर दोघांच्या पहिल्या घरावर सूट मिळू शकते.

दोघांनाही पीआर मिळून तीन वर्षे झाली की एचडीबीचा जुना, पुनर्विक्रीचा फ्लॅट घेता येतो. पण वस्त्या एकाच समाजाच्या होऊ नयेत म्हणून १९८९ पासून प्रत्येक इमारतीत वंशानुसार वाटा ठरलेला आहे. शिवाय मलेशियन सोडून इतर पीआर कुटुंबांना इमारतीत ८ आणि परिसरात ५ टक्क्यांची मर्यादा आहे. वाटा भरला असेल तर मनासारखे घर सोडून पुढची इमारत पाहावी लागते. त्याहून जड अट मालमत्तेची: इतरत्र, अगदी पुण्यात किंवा ठाण्यातही, राहते घर नावावर असेल तर ते सहा महिन्यांत विकावे लागते. आईवडील त्या घरात राहत असतील, तर हा निर्णय साऱ्या घराचा होतो.

पीआरचा अर्ज करतानाच आणखी एक विचार करावा लागतो. आईवडिलांबरोबर पीआर झालेल्या मुलाला अठराव्या वर्षाच्या सुमारास दोन वर्षांची राष्ट्रीय सेवा करावी लागते.

नागरिकत्व घेतले तर पहिल्या घरावरचे जादा शुल्क शून्य होते, पण भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. त्यानंतर ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डावर भारतात फ्लॅट घेता येतो. शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही, ती वारसाहक्कानेच नावावर येऊ शकते.