विश्लेषण : जुन्या ‘एमजीबी’च्या इंजिनावरून काय काढता येते, काय काढू नये?

ब्रिटनमध्ये तयार झालेली ‘एमजीबी’ ही छत उघडणारी दोन आसनी गाडी. शेवटची एमजीबी कारखान्यातून १९८० मध्ये बाहेर पडली. अमेरिकेत गेलेल्या या गाडीचे बॉनेट आज उघडले, की इंजिनाआधी नजरेत भरते ते नळ्या, झडपा आणि पट्ट्यांचे जंजाळ. ‘हे सगळे बिनकामाचे आहे, काढून टाका, गाडी मोकळी होईल,’ असा सल्ला हौशी मालकांना हमखास मिळतो. तो कितपत खरा आहे?

इंजिनावर हे जंजाळ आले कुठून?

एमजीबी १९६२ मध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनू लागली. १७९८ सीसीचे साधे चार सिलिंडरचे इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर आणि सुमारे ९५ अश्वशक्ती असा तिचा थाट होता. सर्वांत मोठी बाजारपेठ होती अमेरिका. तिथे १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून धुराचे नियम कडक होत गेले आणि १९७० च्या ‘क्लीन एअर ॲक्ट’ने ते आणखी आवळले. इंजिन मात्र जुन्याच घडणीचे होते. नवे इंजिन आणायला कंपनीकडे पैसा नव्हता, त्यामुळे आहे त्याच इंजिनावर एकेक उपकरण चढत गेले. त्यात एअर पंप, ‘गल्प व्हॉल्व्ह’, पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा डबा आणि जळालेला धूर थोड्या प्रमाणात पुन्हा इंजिनात सोडणारी झडप होती. पुढे काही गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही आला.

एअर पंप नेमके काय करतो?

पंप पट्ट्यावर फिरतो आणि ताजी हवा नळीवाटे सिलिंडर हेडमधील चार छिद्रांतून थेट धुराच्या मार्गात सोडतो. तिथे धूर अजून प्रचंड तापलेला असतो. अर्धवट जळालेले पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड या हवेतील प्राणवायूमुळे तिथेच बऱ्याच अंशी जळून जाते. म्हणजे पंप इंजिनाला श्वास घ्यायला मदत करत नाही. इंजिनाने सोडलेला धूर तो साफ करतो. गाडी चालण्यासाठी त्याची गरज नाही, हे त्यामुळे खरे आहे. पण गाडीमागे उभे राहून तो धूर घेणाऱ्यासाठी त्याची गरज आहे, हेही तितकेच खरे.

तो काढल्याने ताकद वाढते का?

फारशी नाही. पंप फिरवायला लागणारी शक्ती अगदी थोडी असते. अमेरिकी एमजीबीची ताकद पुढे साठीच्या घरात आली, त्याची कारणे वेगळी आहेत. कॉम्प्रेशन रेशो ८ पर्यंत खाली आणला गेला. १९७५ च्या मॉडेलपासून दोन कार्ब्युरेटरऐवजी एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर आला. त्याच सुमारास बंपरच्या नियमांमुळे रबराचे जड बंपर बसले आणि गाडी उंच झाली. अश्वशक्ती मोजण्याची अमेरिकी पद्धतही १९७०च्या दशकात बदलली, त्यामुळे कागदावरची घट प्रत्यक्षापेक्षा मोठी दिसते. पंप काढून यातले काहीच परत मिळत नाही. मिळते ती इंजिनाभोवती हात घालायला जागा आणि थोडे हलके वजन. पंपाचे बेअरिंग घासून आवाज करत असेल, तर तोही थांबतो. बेअरिंग तपासायचे तर इंजिन बंद ठेवून पट्टा उतरवावा आणि पुली हाताने फिरवून पाहावी. खरखर जाणवली किंवा पुली अडकली, तर दोष पंपात आहे.

पंप काढला आणि बिघाड झाला, असे का होते?

कारण एक भाग काढला, की त्याला जोडलेले दुसरे भाग उघडे पडतात. हेडमधली चार छिद्रे तशीच राहिली, तर तिथून धूर फुसफुसत बाहेर येतो. ती ७/१६ इंचाच्या बारीक आट्याच्या आखूड बोल्टांनी घट्ट बंद करावी लागतात.

दुसरी चूक ‘गल्प व्हॉल्व्ह’ची. ॲक्सिलरेटर एकदम सोडला, की इंजिनात क्षणभर पेट्रोलचे प्रमाण वाढते. ते न जळता धुराच्या मार्गात गेले आणि तिथे पंपाची हवा मिळाली, की ‘बॅकफायर’ होतो. तो टाळण्यासाठी ही झडप क्षणभर इनलेट मॅनिफोल्डमध्ये हवा सोडते. पंप नसेल तर तिचे काम संपते. पण ती काढून मॅनिफोल्डचे तोंड उघडे ठेवले, तर इंजिन तिथून सतत जादा हवा ओढते. मग पेट्रोल कमी पडते, आयडलिंग बिघडते, इंजिन तापते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळण्याची वेळ येते. काही रुपयांचे बूच न लावल्याने हेड उघडावे लागते, ते असे.

कशाला हात लावू नये?

क्रँककेसच्या वायुवीजनाला. पिस्टनच्या कडेने खाली झिरपणारा वायू कार्ब्युरेटर ओढून घेतो आणि त्यामुळे इंजिनातले ऑइल स्वच्छ राहते. ही नळी काढून बूच मारले, तर आत दाब वाढतो आणि ऑइल सील फोडून बाहेर येते. गॅस्केट बदलूनही ऑइलची गळती थांबत नसेल, तर आधी ही नळी पाहावी.

‘चारकोल कॅनिस्टर’ म्हणजे कोळशाच्या दाण्यांनी भरलेला काळा डबा. तो निरुपयोगी दिसतो, पण एकाच वेळी तीन कामे करतो. पेट्रोल टाकीतील वाफ तो धरून ठेवतो. टाकीचे झाकण हवाबंद असल्याने टाकी याच डब्यातून श्वास घेते. क्रँककेसला लागणारी ताजी हवाही त्यातूनच येते. तो काढून नळ्या बंद केल्या, तर टाकीत पोकळी तयार होते आणि गाडी पेट्रोल असूनही बंद पडते. चावी बंद केल्यावरही इंजिन धडधडत राहू नये म्हणून बसवलेली झडपही याच डब्याला जोडलेली आहे. शिवाय डबा नसेल तर गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास आणि आगीचा धोका वाढतो.

एसीच्या कॉम्प्रेसरचे काय?

काही गाड्यांना विक्रेत्यांनी एसी बसवून दिला होता. तो बंद पडला असेल, तर कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर काढल्याने वजन खरोखर कमी होते आणि रेडिएटरला मोकळी हवा मिळते. मात्र जुन्या एसीत आर-१२ हा ओझोन थराला घातक वायू असतो. पाइप सोडून तो हवेत उडवणे अमेरिकेत १९९२ पासून बेकायदा आहे. आधी तो यंत्राने काढून घ्यावा लागतो.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेत धूर नियंत्रणाचे उपकरण काढणे केंद्रीय कायद्याने निषिद्ध आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर हे बंधन खासगी मालकालाही लागू झाले. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या मॉडेलना धुराच्या नियमित तपासणीतून सूट आहे. १९७६ आणि नंतरच्या गाड्यांना ती करावी लागते आणि मूळ उपकरणे जागेवर आहेत का, हेही डोळ्यांनी पाहिले जाते. म्हणजे एका वर्षाच्या फरकाने तोच पंप एकाच्या दृष्टीने अडगळ ठरतो, तर दुसऱ्याची गाडी त्याच्याविना रस्त्यावर येऊ शकत नाही.

भारतात प्रश्न वेगळ्या वाटेने येतो. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी दुचाकी वा चारचाकी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. त्यासाठी ती मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरबदल नसावेत. त्यामुळे आज ‘बिनकामाचा’ म्हणून भंगारात दिलेला भाग उद्या गाडीच्या अस्सलपणाचा पुरावा ठरू शकतो.

मग ठरवायचे कसे?

प्रत्येक भागाला तीन प्रश्न विचारावेत. हा भाग इंजिनासाठी काम करतो की धुरासाठी? त्याला आणखी काय जोडलेले आहे? आपल्या ठिकाणचा कायदा काय म्हणतो? बंद पडलेला एसी या कसोटीवर सहज सुटतो. पंपाबाबत उत्तर गाडीचे वर्ष आणि गाव यांवर ठरते. वायुवीजन आणि कॅनिस्टर जागेवरच राहू द्यावेत. पिकअप कमी वाटत असेल, तर पाना उचलण्याआधी इग्निशन टायमिंग, व्हॉल्व्हमधील फट, कार्ब्युरेटर आणि तडकलेल्या नळ्या तपासाव्यात. जुन्या एमजीबीची हरवलेली ताकद बहुतेक वेळा तिथेच सापडते. तरीही काही काढायचेच असेल, तर एका वेळी एकच भाग काढावा. आधी मोबाइलवर फोटो घ्यावेत, नळ्यांना चिठ्ठ्या बांधाव्यात आणि काढलेला प्रत्येक बोल्ट खोक्यात जपून ठेवावा. गाडीच्या पुढच्या मालकाला ते खोके गाडीइतकेच मोलाचे वाटेल.